नोंद संस्थेची, उपयोग सभासदाचा
सोसायटीची, कारखान्याची, बाजाराची माहिती-यंत्रणा शेतकऱ्याच्या कामी कधी येते?



पहाटेची धार काढून तुम्ही डेअरीवर जाता. दुधाचं वजन होतं, नमुना घेतला जातो, फॅट आणि एस.एन.एफ. निघतं आणि हातात एक चिठ्ठी पडते. ती चिठ्ठी खिशात जाते, खिशातून धुण्यात जाते. दहा दिवसांनी बिल येतं तेव्हा मात्र मनात शंका येते, "एवढंच कसं?" पण तोवर चिठ्ठ्या कुठे असतात? आणि ज्या घरधनिणीने धार काढली तिला तर चिठ्ठीवरचे आकडे कशाचे, हेही कोणी सांगितलेलं नसतं.

समजा, रोज अर्धा लिटर दूध कमी नोंदलं गेलं आणि लिटरला ३० रुपये भाव धरला. रोजचे १५ रुपये झाले. वर्षाचे ५,४७५ रुपये झाले. एवढ्या पैशात जनावरांच्या खुराकाची किती पोती येतील, याचा हिशेब तुम्हीच करा. हे नुकसान चोरीने होईल असंही नाही. नुसती नोंद चुकली आणि ती कोणी पाहिली नाही, तरी पुरे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आज शेतकऱ्याचा व्यवहार अनेक दप्तरांत नोंदला जातो. दूध डेअरीत, ऊस कारखान्यात, टोमॅटो नारायणगावच्या आणि कांदा ओतूर-मंचरच्या बाजारात, पाण्याची मागणी पाटबंधारे शाखेत, पीक तलाठ्याच्या सातबाऱ्यावर. बहुतेक ठिकाणी वहीच्या जागी संगणक आणि मोबाइल आले. पण यंत्र आलं म्हणजे माहिती आली असं नाही. काही ठिकाणी ते सभासदाच्या उपयोगी पडतं, काही ठिकाणी कपड्याखाली झाकून ठेवलेलं असतं. असं का होतं, ते या पत्रिकेत समजून घेऊ.

माहिती-यंत्रणा म्हणजे काय?

माहिती-यंत्रणा म्हणजे नुसता संगणक नव्हे. माहिती देणारा शेतकरी, ती लिहून घेणारा माणूस, ती जपणारं दप्तर किंवा यंत्र, आणि ती परत सभासदाला सांगण्याची रीत, हे सगळं मिळून माहिती-यंत्रणा होते. पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे. धरण भरलेलं आहे, कालवाही चांगला आहे, पण शेवटची चारी फुटलेली असेल तर तुमच्या वाफ्यात पाणी येणार नाही. तसंच माहितीचं आहे. हेडऑफिसात कितीही साठलेली असो, सभासदाच्या हाताला लागली नाही तर तिचा त्याला उपयोग शून्य.

वारणेची गोष्ट

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे वारणा सहकारी साखर कारखाना आहे. १९९८ साली त्या परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सत्तर गावांसाठी केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून एक मोठी योजना आखली. गावोगावी संगणक केंद्रं उघडायची आणि तिथे शेतकऱ्याला सगळं मिळायचं: पिकाचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, नोकरीची माहिती. त्या काळी खेड्यात संगणक म्हणजे नवलच होतं. देशभर तिची चर्चा झाली.

पुढे काय झालं? सल्ला, भाव, नोकऱ्या हे बेत बरेचसे मागे पडले. टिकलं ते उसाचं काम. उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजनाचा आणि खताचा हिशेब यांसाठी शेतकरी केंद्रावर येत राहिला. कारण सरळ आहे. त्याच्या पोटाशी जोडलेला प्रश्न तो होता, आणि त्याचं खात्रीचं उत्तर तिथे मिळत होतं.

पण गावातला संगणक सांभाळणं खर्चाचं होतं. वीज जायची, यंत्र बिघडायचं. म्हणून २००७ च्या सुमारास संशोधकांनी कारखान्याबरोबर एक प्रयोग केला. सात गावांत, आठ महिने, संगणकाच्या जागी साधा मोबाइल वापरला. शेतकऱ्याने छोटा संदेश पाठवायचा आणि आपल्या खात्याची माहिती संदेशानेच परत मिळवायची. संगणकावरची सगळी कामं त्या साध्या फोनवर झाली. खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ती रीत जास्त आवडली. केंद्रापर्यंतचा हेलपाटाच वाचला ना!

यातून काय शिकायचं? मोठं यंत्र हरलं आणि लहान यंत्र जिंकलं, एवढाच अर्थ काढू नका. शेतकऱ्याचा खरा प्रश्न कोणता हे ओळखलं, आणि त्याचं उत्तर त्याच्या हातातल्या वस्तूवर दिलं, म्हणून काम झालं.

गुजरातमध्ये आणंदच्या बाजूलाही असंच घडलं. १९९० नंतरच्या काळात तिथल्या गावच्या दूध संस्थांत वजनकाटा, फॅट मोजणारं यंत्र आणि संगणक एकमेकांना जोडले. पूर्वी नमुन्याची तपासणी नंतर व्हायची आणि फॅट किती लागलं ते मागाहून कळायचं. आता दूध ओतलं की वजन, फॅट आणि पैसे तिथल्या तिथे चिठ्ठीवर उमटू लागले. रांग लवकर सरकू लागली, आणि शंका असेल तर दूध समोर असतानाच विचारता येऊ लागलं.

यश ओळखण्याच्या सहा खुणा

माहिती-यंत्रणांवरचं आधीचं संशोधन तपासून अमेरिकेतील विल्यम डिलोन आणि एफ्रेम मॅक्लीन या दोन अभ्यासकांनी १९९२ साली यशाची एक मोजपट्टी मांडली आणि २००३ साली ती सुधारली. तिच्यात सहा गोष्टी पाहायच्या असतात. आपल्या शेतावर, आपल्या संस्थेत त्या कशा लागू पडतात ते पाहू.

१. यंत्र कामाच्या वेळी चालतं का? दूध सकाळी सहाला येतं. त्याच वेळी वीज नसेल, बॅटरी नसेल, तर दिवसभर चालणारं यंत्र काय कामाचं? आपल्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर, आहुपे, आंबोली, घाटघरच्या बाजूला डोंगराआड फोनला रेंज मिळणं अवघड. तिथे जी रीत रेंज नसताना माहिती साठवून ठेवते आणि रेंजमध्ये आल्यावर पुढे पाठवते, तीच चालेल. शिवाय वापरायला सोपी हवी. दहा बटणं दाबून एक आकडा मिळत असेल तर माणूस दुसऱ्या दिवशी येणार नाही.

२. माहिती खरी, पुरी आणि वेळेवर आहे का? उसाचं उदाहरण घ्या. कारखाना तोडीचा कार्यक्रम लावतो तो लागणीची तारीख आणि ऊसाची जात पाहून. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, सुरू बारा महिन्यांचा. नोंद घेताना महिना चुकला, गट नंबर चुकला, किंवा को ८६०३२ च्या जागी फुले २६५ लिहिलं गेलं, तर तोड पुढेमागे होते. पक्व झालेला ऊस रानात उभा राहिला की तुरा येतो, पोकळ पडतो, वजन घटतं. चूक दप्तरात होते आणि नुकसान रानात होतं! म्हणून चिटबॉय नोंद घ्यायला येईल तेव्हा घरी बसू नका. बांधावर जा, आणि लिहिलेलं वाचून पाहा.

बाजारभावाचंही तसंच. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावला टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. पुढच्या दीड-दोन महिन्यांत तोच भाव कोसळला. अशा मालात परवाचा भाव आज सांगणं म्हणजे शिळी बातमी. आणि नुसता कमाल भाव सांगणं म्हणजे अर्धी बातमी. किमान किती, कमाल किती, सर्वसाधारण किती, आवक किती आणि भाव कोणत्या प्रतीच्या मालाचा, या पाच गोष्टी कळल्या तरच माल आज तोडायचा की उद्या, हे ठरवता येतं.

पाण्याचं आवर्तनही याच माळेतलं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं. आवर्तन सुटण्याची तारीख आधी कळली तर नमुना नंबर सातचा अर्ज वेळेत भरता येतो आणि खताचा हप्ता पाण्याच्या आधी घालता येतो. पाणी चारीला लागल्यावर कळलं तर त्या माहितीचा काय उपयोग?

३. मदतीला माणूस आहे का? पहिल्या मांडणीत ही खूण नव्हती. २००३ साली ती जोडली गेली, आणि आपल्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. यंत्र अडलं, आकडा चुकला, तर विचारायचं कोणाला? सचिव म्हणतो, "कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे." हे उत्तर नव्हे. संगणकात माणसानेच भरलेलं असतं आणि माणसालाच ते दुरुस्त करता येतं. तक्रार कोणी घ्यायची, किती दिवसांत निकाल द्यायचा आणि निकाल लेखी कसा कळवायचा, हे ठरलेलं हवं.

माणसाचं मोल किती, याचा एक कटू अनुभव आंबेगावने घेतला आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. दीडशेवर माणसं दगावली. ही बातमी बाहेरच्या जगाला कळली ती सकाळी त्या वाटेने आलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. रोजच्या जागी गाव दिसेना, हे त्याच्या ध्यानात आलं. कारण तिथे काय असायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. कोणतीही यंत्रणा उभारताना हे विसरू नये. आकडे यंत्र सांगेल, पण "इथे काहीतरी चुकतंय" हे ओळखायला रोज वाट चालणारा, गाव ओळखणारा माणूस लागतो. त्याचं ऐकून घेण्याची सोयही लागते.

४. लोक ती वापरतात का, आणि कोण वापरतं? सक्ती केली तर सगळेच वापरतील. म्हणून नुसत्या वापराच्या आकड्यावर जाऊ नका. सक्ती नसतानाही माणूस परत येतो का, ते पाहा. आणि कोणाच्या हाती माहिती पोचते, तेही पाहा. अनेक घरांत गाईचं सगळं बाईने करायचं, पण खातं कारभाऱ्याच्या नावाचं आणि संदेशही त्याच्याच फोनवर. कोणत्या गाईचं फॅट उतरलं हे तिला कळलं तर ती चाऱ्यात आणि खुराकात बदल करील. जिच्या हातात काम आहे तिच्या हातात माहिती नाही, तर यंत्रणेचा निम्मा लाभ तिथेच गळतो.

५. वापरणारा समाधानी आहे का? हे कळायला विचारावंच लागतं. वर्षातून एकदा सभासदांना विचारा: चिठ्ठी वाचता येते का? मराठीत आहे का? बिलातली कपात कशाची हे समजतं का? समाधान म्हणजे "ठीक आहे" म्हणणं नव्हे. शंका आली तेव्हा तिचं निरसन झालं, हे खरं समाधान.

६. शेवटी पदरात काय पडलं? पाचही खुणा या सहाव्या खुणेसाठी. हेलपाटे कमी झाले का? बिल वेळेवर येऊ लागलं का? तोड वेळेत झाली का? संस्थेचाही फायदा मोजा. हिशेब लवकर जुळतो का, लेखापरीक्षणात दोष कमी निघतात का? संस्थेचं काम हलकं झालं पण सभासदाचा हेलपाटा वाढला, तर तिला पुरतं यश म्हणता येणार नाही.

सातबाऱ्यावरचं पीक: आपणच नोंद घेणारे

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. पूर्वी ती तलाठी करीत. आता शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढून ती नोंदवायची असते. पीककर्ज, पीकविमा, हमीभावाने विक्री आणि नुकसानभरपाई यांसाठी ही नोंद उपयोगी पडते.

वरच्या सहा खुणा इथे लावून पाहा. फोटोबरोबर ठिकाणही नोंदलं जातं, म्हणून माहितीचा दर्जा वाढला. २०२२ च्या सुधारित रीतीत नोंद चुकली तर ४८ तासांत ती स्वतः दुरुस्त करण्याची सोय आली. ही सोय महत्त्वाची, कारण जिथे चूक सुधारता येते तिथे माणूस भीत नाही. पण ज्याच्याकडे साधाच फोन आहे, ज्याची नजर कमी झाली आहे, ज्याच्या रानात रेंज नाही, त्याचं काय? त्याला शेजाऱ्याची मदत लागते. गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हंगामात दोन दिवस यासाठी द्यावेत. मुदत संपायच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी सगळेच एकदम नोंदी करायला बसतात.

यंत्रणा बुडते कुठे?

काही ठिकाणी असं दिसतं की संगणक आला, पण वही सुटली नाही. सचिव आधी वहीत लिहितो आणि मग रात्री संगणकात भरतो. काम दुप्पट झालं, दोन ठिकाणचे आकडे जुळेनात, आणि शेवटी वहीच खरी मानली गेली. सुरुवातीला महिना-दोन महिने दोन्ही चालवणं शहाणपणाचं आहे. पण ताळमेळ लागल्यावर एक दिवस ठरवून पुढे जावं लागतं.

दुसरं म्हणजे, यंत्रणा ठरवताना वापरणाऱ्याला विचारत नाहीत. विकणारा येतो, संचालक मंडळ ठराव करतं, आणि मापाड्याला व सभासदाला शेवटी कळतं. ज्याला रोज वापरायचं त्याच्यासमोर आठ दिवस चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बैल घेताना आपण तो जुंपून पाहतो, मग यंत्राला का नाही?

तिसरं, सगळं एकाच माणसाला येतं. तो रजेवर गेला की दप्तर बंद. निदान दोघांना तरी काम शिकवून ठेवा, आणि हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या जागी जपा.

तुमचा हक्क आणि तुमचं काम

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत, स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. नोंद संगणकात गेली म्हणून हा हक्क जात नाही. दाखवा म्हणण्यात संकोच नको. मागणारा सभासद भांडखोर नसतो, तो संस्था जागी ठेवतो.

पण नुसतं संस्थेवर सोडून चालणार नाही. एवढं आपण करावं:

• घरात एक वही ठेवा. दूध, फॅट, ऊसाचं वजन, बाजारातली पट्टी, सगळं त्याच दिवशी टिपा.
• चिठ्ठ्या तारखेप्रमाणे तारेत ओवून ठेवा. बिल आलं की ताळा करा.
• चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. जुनं दुखणं आणि जुनी चूक, दोन्ही लवकर बरी होत नाहीत.
• बँकेत, संस्थेत आणि कारखान्यात नाव, गट नंबर आणि फोन नंबर बरोबर आहेत का, ते एकदा तपासा. फोन बदलला तर कळवा.
• धार काढणाऱ्या घरच्या बाईला चिठ्ठी वाचायला शिकवा. तिच्याच नावावर खातं असलं तर उत्तमच.

सभेत विचारा

सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. तिथे ताळेबंदाला हात वर करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा. यंत्र वर्षात किती दिवस बंद होतं? सभासदांच्या नोंदीत किती चुका सापडल्या? तक्रार कोण घेतो आणि किती दिवसांत निकाल देतो? किती सभासद आपलं खातं स्वतः पाहतात, आणि त्यांत महिला किती? सभासदांना काय वाटतं हे कोणी विचारलं का? आणि या खर्चाने सभासदाच्या पदरात काय पडलं?

उत्तरं समाधानाची मिळाली तर कर्मचाऱ्यांचं कौतुक करायला विसरू नका. नाही मिळाली तर ठराव लिहून घ्या आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारा.

बंधूंनो, रान आपलं, घाम आपला, तशी नोंदही आपलीच. बियाणं पारखून घेता, खत पारखून घेता, तसा कागदावरचा आकडाही पारखून घ्या. ही पत्रिका वाचून झाल्यावर डेअरीच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर लावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.